मोहरीची पंगत

कोणतीही वस्तू हातात आली की चाचा ती आधी उलटी करून पाहत. चहाची बशी असो, नवी वहाण असो, नाहीतर पोस्टमनने आणलेलं कार्ड असो. एकदा मी त्यांना माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका दिली. हळदकुंकू लावलेली बाजू त्यांनी पाहिलीच नाही. पत्रिका पलटवली, कोऱ्या कागदावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली हाय."

"चाचा, मजकूर इकडून हाय," मी म्हटलं.

"वरून तं समदंच हिरवं असते, बाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते फुलकोबीच्या वाफ्यातून आलं होतं. कोबीवर अंडी घालणारं फुलपाखरू आपलं काम पानाच्या पाठीमागे करतं. वरून पान कसं टवटवीत, तेल लावल्यासारखं. खालून पाहावं तर बारीक पिवळी अंडी चिकटलेली. चाचा रोज सकाळी प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान पलटवत आणि अंडी अंगठ्याने पुसून काढत. असं वर्षानुवर्षं करणारा माणूस मग पत्रिकाही पलटवणारच. तुम्ही पाहिलं असेल, जुना शिंपी आपल्याशी बोलताना आपल्या तोंडाकडे बघत नाही, आपल्या बाहीच्या शिवणीकडे बघतो. तसंच हे.

विदर्भ महाराष्ट्रात आला, त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. चाचा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. काम सुटल्यावर लोहाऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या घरामागे त्यांनी फुलकोबी लावायला घेतली. जमीन म्हणाल तर दोन बैलगाड्या सोडल्या की भरून जाईल एवढी. एक विहीर, एक लिंबाचं झाड, चाचीच्या पाच-सहा कोंबड्या. मी तेव्हा नुकतंच डोक्यावरची टोपली उतरवून बाजारात स्वतःचं भाजीचं दुकान मांडलं होतं. कोणी मला ते मांडून दिलं नव्हतं. म्हणून माझी जीभ जरा धारेची होती, आणि लोक तिला भीत, त्याचं मला वाईट वाटत नसे.

माल घ्यायची माझी रीत साधी होती. माल हातात घ्यायचा आणि आधी तोंड वाकडं करायचं. हे किडकं, हे निबर, हे पिवळं पडलं. विकणाऱ्याचा चेहरा उतरला की मग भावाला हात घालायचा. पहिल्यांदा चाचांच्या वाफ्यात गेले तेव्हा मी तोंड वाकडं करणार, तेवढ्यात त्यांनीच एका मोठ्या पांढऱ्या गड्ड्याकडे बोट दाखवलं.

"हे नको नेऊ. याच्या पोटात अळी हाय."

"तुमाले कसं समजलं?"

त्यांनी गड्डा मोडून दाखवला. आत दोऱ्याएवढी हिरवी अळी आरामात झोपली होती. दोष काढणं हे माझं काम, तेच या माणसाने माझ्या हातून काढून घेतलं. त्या दिवशी मी जो भाव दिला तो बाजारात कोणाला सांगितला नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं त्यांचा सगळा माल मीच उचलला.

सकाळी दव असतानाच चाचा कामाला लागत. चुलीत जाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची, राख मलमलच्या फडक्यातून गाळून तिची पुरचुंडी केलेली असे. ती ते पानापानावर अलगद आपटत. दवामुळे राख चिकटून बसे आणि माव्याची कीड मरे. बिडीच्या कारखान्यातून आणलेला तंबाखूचा चुरा रात्रभर भिजत घातलेला असे. ते पाणी त्यांनी स्वतः भोकं पाडलेल्या डब्यातून शिंपायचं. एवढं झालं की गुडघ्यावर बसून पानं पलटवायची. चाची दारातून बघत राही आणि मला म्हणे, "माह्याकडे तीस वर्सांत एवढं वाकून पाह्यलं नाई या मानसानं."

चाचा मान न उचलता म्हणत, "तुले कोनती अळी लागलती?"

त्या सुमारास दुकानांतून किडे मारायची पांढरी पावडर मिळू लागली होती. आसपासचे बागवाले ती मुठीने फेकत. मीही चाचांसाठी एक पुडकं नेलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, गुडघे वाचतील. चाचांनी पुडकं हातात घेतलं आणि अर्थातच पलटवलं. मागच्या बाजूला कवटी आणि हाडं छापलेली होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली.

"हे तं याईनं समोरून छापाले पायजे होतं," असं म्हणून पुडकं माझ्या टोपलीत परत ठेवलं. विषय संपला.

पण मला त्यांची जी गोष्ट कधीच पटली नाही ती म्हणजे मोहरी. वाफ्याच्या चारही बाजूंनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी मोहरीच्या दोन दोन ओळी पेरलेल्या असत. मी पहिल्या वर्षी तिचा भाव विचारला.

"थे इकाची नाई. थे पाहुन्याइची पंगत हाय."

"कोनाची?"

"अळ्याइची. त्याईले गोबीपक्षा मोहरी आवडते. बाहेर पोटभर जेवल्या का आत कायले येतीन? दारात जेवलेला पाहुना घरात घुसत नाई."

मोहरीचं झाड अळ्यांनी भरलं की ते कापून चाचीच्या कोंबड्यांपुढे टाकायचं आणि त्या जागी नवीन दाणे पेरायचे, अशी त्यांची रीत. मी गिऱ्हाइकाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडीसुद्धा फुकट न देणारी बाई. चांगल्या ओलिताच्या जमिनीवर अळ्यांना जेवू घालायचं हे ऐकून माझ्या पोटात दुखायचं.

"चाचा, तेवढ्या जागेत पालक झाला असता."

"झाला असता," ते म्हणत, आणि पुढच्या झाडाकडे सरकत.

आता बियाण्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. चाचांची फुलकोबी दिवाळीच्या आधी बाजारात येई, इतरांची यायला थंडी पडावी लागे. ते बी त्यांच्या घरचं होतं. जिनिंगमध्ये त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाने ते दिलेलं, आणि चाचांनी पुढे टिकवलेलं. दरवर्षी चांगली सहा झाडं ते न कापता ठेवत. प्रत्येकाला लाल चिंधी बांधत. गड्डा फुटून दांडे वर येत, पिवळी फुलं लागत, मग शेंगा. फाल्गुनात शेंगा वाळल्या की बी काढून, राखेत मिसळून, डब्यात बंद. ती सहा झाडं गेली तर पुढच्या वर्षी पेरायला काहीच नाही. अशी फुलकोबी आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

मी ते बी मागितलं. एकदा नाही, दरवर्षी मागितलं. भाव बोलून मागितलं, गोड बोलून मागितलं, रागावून मागितलं.

"बी इकत नसते, बाई. ज्याच्या हातून टिकते त्याले देत असते."

"माह्या हाताले काय झालं?"

यावर ते नुसते हसत. ते हसू मला आवडत नसे. माझ्या हाताने मी दुकान उभं केलं होतं.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी अंडी दिसेनात, तेव्हा ते बोटाच्या टोकाने चाचपून शोधू लागले. मग बोटांचीही फसगत होऊ लागली. नागपूरला चाचीचा भाऊ होता. त्याने मोतीबिंदू काढायची व्यवस्था केली. पौषाचा महिना होता. फुलकोबी विकून झाली होती. वाफ्यात फक्त लाल चिंध्यांची सहा झाडं फुलावर उभी, आणि धुऱ्यावर मोहरी.

निघताना चाचांनी मला बोलावलं. "महिनाभर तू पाह्यजो. रोज पान पलटव. राख टाक. कोंबड्याइले मोहरी दे."

"तुमी बिनघोर जा," मी म्हटलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. मनात म्हटलं, आता हा माणूस परत आला की बी माझंच.

आठ दिवस मी सांगितलं तसं केलं. बाजारात जाण्याआधी पहाटेच जायचे, पानं पलटवायचे. सहा झाडांवर एक अळी नाही, आणि मोहरी बघावी तर वळवळतेय. पानांची नुसती जाळी झालेली. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मला वाटलं, म्हाताऱ्याने घरात चोरांना जेवायला बसवलंय आणि म्हणतो चोरी होत नाही. सगळे किडे या मोहरीत आहेत, मोहरीच काढून टाकली की किडे गेले. इतका साधा हिशोब या माणसाला इतक्या वर्षांत कळला नाही, म्हणून मला हसूही आलं. कमरेला पदर खोचला आणि चारही धुऱ्यांवरची मोहरी मुळासकट उपटली. थोडी कोंबड्यांना टाकली, बाकीची कुंपणापाशी ढीग करून ठेवली. जागा कशी स्वच्छ दिसली. मी मनाशी म्हटलं, आल्यावर चाचा बघतील.

दुसऱ्या दिवशी बाजारात नवा माल उतरणार होता म्हणून मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी उशिरा गेले, आणि कुंपणावरूनच पाहिलं. झाडं उभी होती, हिरवी दिसत होती. आत गेले नाही.

चौथ्या दिवशी आत गेले. उपटलेली मोहरी सुकली होती आणि तिच्यावरच्या उपाशी अळ्या चालत चालत त्या सहा झाडांवर पोचल्या होत्या. नवीन फुलपाखरांनाही आता अंडी घालायला दुसरी जागा नव्हती. फुलं खाल्ली होती, कोवळ्या शेंगा कुरतडल्या होत्या. दांड्यांवर माव्याचा थर बसला होता. एका झाडावर तर खायला काही उरलंच नव्हतं. त्यावरच्या अळ्या खाली उतरत होत्या.

मी दुकान बंद ठेवलं. शेजारच्या दुकानदाराने माझी गिऱ्हाइकं नेली, ती अजून परत आली नाहीत. नऊ दिवस मी त्या वाफ्यात बसून होते. हाताने अळ्या वेचल्या, राख लावली, तंबाखूचं पाणी शिंपलं, शेंगेशेंगेवरून बोट फिरवलं. पाच झाडं गेली. एक वाचलं. त्यालाही खालच्या फांदीवर तेवढ्या शेंगा राहिल्या.

चाचा परत आले ते डोळ्याला हिरवं कापड बांधून. टांग्यातून उतरून थेट मागे गेले. मी भांडणाची तयारी ठेवली होती. मोहरीमुळे घर वाचतं हे तुम्ही नीट समजावून का सांगितलं नाही, असं मी म्हणणार होते. त्यांनी सांगितलं होतं हे मला माहीत होतं, तरी म्हणणार होते.

ते धुऱ्याशी खाली बसले. मोहरीच्या जागेवर हात फिरवला. मोकळी माती लागली तेव्हा हात थांबला. मग सरकत सरकत एकेका झाडापाशी गेले, चिंधी चाचपली, दांडा चाचपला. सहाव्या झाडापाशी त्यांच्या हाताला शेंगा लागल्या.

मला सोसेना. "बोला ना, चाचा. शिव्या द्या."

"हे एक कसं वाचवलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नऊ दिवस म्हणून सांगितलं, दुकान बंद ठेवलं म्हणूनही सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि तळवा वर केला. तंबाखूने बोटं काळी पडली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. बोटांच्या टोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"चाय ठेव वं," त्यांनी चाचीला हाक मारली. "बाई नऊ दिवसाची उपाशी दिसून राह्यली."

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मला वाटलं, सुटले.

मृगाच्या आधी, बियाणं टाकायच्या दिवसांत, मी त्यांच्याकडे गेले. एका डोळ्याने त्यांना थोडं दिसू लागलं होतं, दुसरा गेलाच होता. मी म्हटलं, "चाचा, बी काढा. औंदा मी लावीन. तुमच्यानं होनार नाई."

"बी बोरीले देल्लं," ते म्हणाले.

बोरी अरबला त्यांच्या ओळखीचा एक माळी होता. वर्षातून एखाद्या वेळी यायचा, चहा पिऊन जायचा. त्याला. सात वर्षं मी मागतेय, नऊ दिवस मी अळ्या वेचल्या, आणि बी त्याला.

"त्याले काहून?"

"एक साल थांब, बाई..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या धंद्यात 'थांब' या शब्दाचा अर्थ 'नाही' असाच होतो. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, माझ्या हातून चूक झाली तर तोंडावर सांगायचं होतं, असं मागून कापायचं नव्हतं. चाची मध्ये पडली, तिलाही बोलले. मग उठले आणि निघाले.

बाजारात उठून निघण्याचीही एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत असेल. सौदा जमला नाही की घेणाऱ्याने पाठ फिरवायची. चार पावलं टाकायची, पण हळू टाकायची. मागून हाक येते. न येऊन विकणाऱ्याला चालतच नाही. मीही हळू चालले. विहिरीपाशी रेंगाळले, वहाणेतला खडा काढला. हाक आली नाही. चाचा सौदा करतच नव्हते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

मी त्या वर्षी लोहाऱ्याच्या वाटेला गेले नाही. दिवाळी आली, माझ्या दुकानात लवकरची फुलकोबी नव्हती. गिऱ्हाईक विचारी, "काहो, थे चाचाची गोबी नाई आली?" मी म्हणे, "चाचाले विचारा."

एक दिवस असंच एका गिऱ्हाइकाला म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिलं. "चाचा जाऊन आठ दिवस झाले, बाई. तुमाले मालूम नाई?"

मी दुकान उघडं टाकून गेले. चाची सामान बांधत होती, भाऊ न्यायला आला होता. कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या होत्या. तिने मला बसायला चटई दिली. मी तिला जे बोलले होते, त्यातलं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"मले निरोप काहून नाई धाडला?" मी विचारलं.

"मी म्हनलं होतं. म्हने, नको. राग सरला का येईन." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तू आली तं बोरीले धाडजो म्हनत होते. फागुनात."

फाल्गुनात मी बोरी अरबला गेले. गाडीत बसल्या बसल्या मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. बी कसं मागायचं, कितीवर अडायचं, त्याने नाही म्हटलं तर कुठून पकडायचं. माळ्याचा वाफा नदीकाठी होता. लांबूनच चारही धुऱ्यांवर मोहरी दिसली. आत लाल चिंध्या बांधलेली झाडं होती. सहा नव्हती. मी मोजायला लागले आणि तीसच्या पुढे सोडून दिलं. प्रत्येकावर शेंगा वाळून आल्या होत्या.

माळी विळा घेऊन उभा होता. मी तोंड उघडलं. "माहा हक्क हाय याच्यावर. नऊ दिवस..."

"बोला, बाई, बोला," तो म्हणाला. "चाचानं सांगतलं होतं. एक बाई येईन, पयले भांडन करीन, करू देजो म्हने."

त्याने विळा खाली ठेवला.

"एका झाडाचं बी होतं. चिमटीभर. चाचा म्हने, एवढ्यात तिचं काय होईन? तिले बाजार चालवा लागते. मले तं आता दिसत नाई. तू एक साल वाढव, मंग तिले दे. तिनं एक वाचवलं हाय, तिच्या हातून टिकन म्हने." त्याने विहिरीकडे पाहिलं. "पानी प्याल का तुमी?"

मी पाणी प्यायले. मग आम्ही दोघांनी मिळून शेंगा काढल्या. त्याच्या बायकोने बी पाखडून दोन पुरचुंड्या बांधल्या, मोठी मला दिली. मी भाव विचारला नाही. त्यालाही तो सांगायचा नव्हता.

चाचांविरुद्ध माझं एक गाऱ्हाणं आहे आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही. हे सगळं त्यांनी मला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी रागात होते, ऐकत नव्हते, हे खरं. तरी ओरडून सांगायचं. माझ्यासारख्या बाईला हळू आवाजात सांगितलेलं कळत नाही, हे त्यांना सात वर्षांत समजलं असणारच.

बोरीहून आले तेव्हा दिवस कलायला आला होता. मोटारीतून उतरले आणि घरी न जाता लोहाऱ्याच्या वाटेला लागले. चाचांच्या घरात नवं बिऱ्हाड आलं होतं. मागच्या तुकड्यात गवत माजलं होतं, लिंबाखाली एक बकरी बांधली होती. कुंपणापाशी पुरचुंडी धरून मी उभी राहिले.

आतून एक बाई बाहेर आली. "कोन पायजे वो?"

"कोनी नाई," मी म्हटलं. "सांगाले आलती."

"काय सांगाले?"

"बी भेटलं म्हनून."

तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि बकरी सोडून आत घेऊन गेली.